पुराणपुरुष आणि मानवपुत्र : दानीएलाच्या दृष्टान्ताचे मराठी ख्रिस्ती वाचन

नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगावात, किंवा कर्जत तालुक्यातील कोणत्याही खेड्यात, ‘देवाने दृष्टान्त दिला’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्यास त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. देव स्वप्नात आला, काही बोलला, एखादी जागा किंवा नवस दाखवून गेला, एवढे त्याला कळते. साहित्यशास्त्र शिकलेल्यास मात्र याच शब्दाने अलंकार आठवतो, आणि महानुभावांच्या ग्रंथांशी परिचय असलेल्यास ‘दृष्टान्तपाठ’ आठवतो. मराठी बायबलच्या भाषान्तरकारांनी हिब्रू संदेष्ट्यांच्या दर्शनांसाठी ‘दृष्टान्त’ हा शब्द घेतला आणि येशूच्या बोधकथांना ‘दाखला’ म्हटले. म्हणजे पंडितांचा अर्थ दूर ठेवून त्यांनी खेड्यातील अर्थ स्वीकारला. ही निवड चांगली होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. परंतु खेड्यातील अर्थ स्वीकारला की त्याबरोबर खेड्यातील देवही येतात, आणि ते कोणत्या वाटेने येतात हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

प्रस्तुत लेखात एकच दृष्टान्त विचारासाठी घेतला आहे : दानीएलाच्या पुस्तकातील सातवा अध्याय. ख्रिस्ताचे ईश्वरत्व जुन्या करारात अगोदरच प्रकट झाले आहे, असे दाखविताना ख्रिस्ती भाष्यकारांनी यशयाच्या सहाव्या अध्यायाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या अध्यायाचा आधार घेतला आहे. दोन गोष्टी आरंभीच नोंदविणे जरूर आहे. यहुदी परंपरेच्या ग्रंथक्रमात दानीएल संदेष्ट्यांत बसत नाही; त्याचे पुस्तक ‘लेख’ या तिसऱ्या विभागात आहे. त्याला यहेज्केलाच्या पाठोपाठ बसविले ते ग्रीक आणि त्यानंतरच्या ख्रिस्ती क्रमाने, आणि मराठी बायबल तोच क्रम पाळते. दुसरे असे की, हा अध्याय हिब्रूत नाही, अरामी भाषेत आहे. अर्थ लावण्याचे काम असे अनुक्रमणिकेपासूनच सुरू होते.

अध्यायातील चित्र थोडक्यात असे : बेलशस्सर राजाच्या पहिल्या वर्षी दानीएल रात्री पाहतो, तो वाऱ्यांनी खवळलेल्या समुद्रातून चार श्वापदे वर येतात. पहिले सिंहासारखे, त्यास गरुडाचे पंख. दुसरे अस्वलासारखे, त्याच्या दातांत तीन फासळ्या. तिसरे चित्त्यासारखे, चार पंखांचे व चार डोक्यांचे. चौथ्याला कोणत्याही प्राण्याची उपमा नाही. त्याला लोखंडी दात आहेत, दहा शिंगे आहेत, आणि ते खाते, चुरडते, उरलेले पायांखाली तुडवते. त्यानंतर आसने मांडली जातात. शुभ्र वस्त्रांचा, लोकरीसारख्या केसांचा एक वृद्ध अग्नीच्या सिंहासनावर बसतो. वह्या उघडल्या जातात, चौथे श्वापद मारले जाते, आणि मग आकाशातील मेघांसह मनुष्यासारखा कोणी येतो. त्याला त्या वृद्धासमोर नेतात आणि कधीही न ढळणारे राज्य देतात. दृष्टान्ताचा अर्थ देवदूत सांगतो, तेव्हा मात्र हे राज्य परात्पराच्या पवित्र जनांना मिळेल असे तो म्हणतो. मनुष्यासारख्या त्या आकृतीचा पुन्हा उल्लेखही करीत नाही. सगळा वाद या मौनातून निघाला आहे.

ख्रिस्ती वाचनाचा उगम शुभवर्तमानांतच आहे. मार्काच्या चौदाव्या अध्यायात प्रमुख याजक येशूला ‘तू ख्रिस्त आहेस काय’ असे विचारतो. त्या उत्तरात एकशेदहाव्या स्तोत्रातील उजवीकडचे आसन आणि दानीएलातील मेघ हे दोन्ही एकत्र गुंफलेले आहेत. आणि ते ऐकून याजक वस्त्रे फाडतो. केवळ मशीहा असल्याचा दावा ही ईश्वरनिंदा ठरत नव्हती. ती ठरली या गुंफणीमुळे, असा युक्तिवाद अनेक अभ्यासकांनी केला आहे, आणि त्यात तथ्य आहे. दुसऱ्या शतकात जस्टिनने त्रिफो या यहुद्याशी केलेल्या संवादात हाच अध्याय पुढे केला. त्रिफोचे उत्तर वाचण्यासारखे आहे. अशा वचनांवरून आम्ही कोणा वैभवशाली पुरुषाची वाट पाहतो हे त्याला मान्य आहे. तुमचा ख्रिस्त तर अप्रतिष्ठेने, क्रूसावर मेला, हा त्याचा आक्षेप आहे. म्हणजे त्या काळी वाद दृष्टान्ताच्या उंचीविषयी नव्हता. ती उंची कोणाला लागू करावयाची, याविषयी होता.

येथे पाठभेदाचा एक विलक्षण प्रकार लक्षात घ्यावा लागतो. अरामी पाठाप्रमाणे मनुष्यासारखी आकृती त्या वृद्धा‘पर्यंत’ येते. थिओडोशनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आणि ख्रिस्ती मंडळीने पुढे स्वीकारलेल्या ग्रीक भाषान्तरात तसेच आहे. परंतु त्याहून जुन्या ग्रीक भाषान्तरात, १९३१ मध्ये इजिप्तमध्ये उजेडात आलेल्या ९६७ क्रमांकाच्या पपायरसनेही ज्याला दुजोरा दिला त्या पाठात, ती आकृती त्या वृद्धा‘सारखी’ येते. ग्रीकमध्ये ‘हेओस’ आणि ‘होस’ या दोन लहान अव्ययांतला हा फरक आहे. तो लेखनिकाचा प्रमाद की भाषान्तरकाराचे भाष्य, यावर अद्याप एकमत नाही. पण फळ स्पष्ट आहे : एका पाठात दोन व्यक्ती आहेत, दुसऱ्यात त्या एकरूप होऊ लागतात. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात, मनुष्याच्या पुत्रासारख्या आकृतीचे केस लोकरीसारखे शुभ्र आहेत. दानीएलात ते सिंहासनस्थ वृद्धाचे होते. योहानाने तो जुना ग्रीक पाठ पाहिला होता की नाही, हा निराळा प्रश्न. परंतु वृद्धाची खूण तरुणाकडे गेली, आणि पुढील दोन हजार वर्षांच्या ख्रिस्ती चित्रकलेने व भाष्यांनी तिचा पाठपुरावा केला.

हे वाचन मूळ शब्दांवर लादलेले आहे असे म्हणून एका वाक्यात निकालात काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. मेघांवर किंवा मेघांसह येणे हे जुन्या करारात देवाचे येणे आहे; एकशेचौथे स्तोत्र आणि यशयाचा एकोणिसावा अध्याय पाहावा. सर्व राष्ट्रांनी त्या आकृतीची ‘सेवा’ करावी असे म्हणताना जे ‘पलह’ क्रियापद वापरले आहे, ते दानीएलाच्या अरामी भागात अन्यत्र देवाच्या किंवा दैवतांच्या सेवेसाठी येते : अग्नीच्या भट्टीच्या कथेत आणि सिंहांच्या गुहेच्या कथेतही. ‘आसने’ अनेकवचनी आहेत, ती कोणासाठी, हा प्रश्न यहुदी आचार्यांनाही पडला होता. एक आसन देवासाठी व एक दावीदासाठी, असे रब्बी अकीवाने म्हटले, आणि दैवी सान्निध्यास तू हलके करतोस काय, असा दोष त्याला सहकाऱ्याने दिला, ही हकीगत तालमुदात नोंदलेली आहे. तेव्हा दृष्टान्तात काहीतरी असे आहे की जे मनुष्याच्या मापात मावत नाही, हे केवळ ख्रिस्ती कल्पनेचे अपत्य नव्हे.

तरीही दुसरी बाजू तेवढीच बळकट आहे. ‘बर एनाश’ ही अरामी भाषेतील साधी शब्दयोजना आहे. तिचा अर्थ ‘मनुष्य’ एवढाच. खेड्यात आपण ‘माणसाचे पोर’ म्हणतो तेव्हा बापाचा विचार करीत नाही, त्यातलाच हा प्रकार. चार राज्ये श्वापदांसारखी आणि पाचवे माणसासारखे, ही तुलना डोळ्यांसमोर ठेवली की ‘मनुष्यासारखा’ ही पदवी राहत नाही. ते त्या राज्याच्या स्वभावाचे वर्णन ठरते. तिसऱ्या शतकात पॉर्फिरीने दानीएलाचे पुस्तक अँटायोकस एपिफनीसच्या छळाच्या काळातील आहे असे प्रतिपादन केले. जेरोमने इ. स. ४०७ च्या सुमारास त्याला सविस्तर उत्तर दिले. परंतु कालनिर्णयाच्या बाबतीत आजचे बहुसंख्य अभ्यासक पॉर्फिरीच्याच बाजूला आहेत, आणि दृष्टान्तांचा काळ इ. स. पूर्व १६७ ते १६४ च्या दरम्यान मानतात. यहुदी भाष्यकारांतही एकवाक्यता नाही. राशीने ती आकृती मशीहा मानली. इब्न एझ्राने इस्राएल प्रजा मानली.

इथपर्यंतचे विवेचन कोणत्याही युरोपीय ग्रंथात सापडेल. मराठी वाचकाचा प्रश्न यापुढे सुरू होतो. अरामी ‘अत्तीक योमीन’, म्हणजे दिवसांनी पुरातन झालेला, यास बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषान्तरात ‘पुराणपुरुष’ म्हटले आहे. शब्द ऐटदार आहे, नेमका आहे, आणि मराठी कानाला परका नाही. परका नाही, हीच अडचण. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन श्रीकृष्णाला आदिदेव आणि पुराण पुरुष म्हणून संबोधितो. त्या अध्यायाचे मराठीतील सर्वांत मोठे भाष्य ज्या नेवाश्यात शके १२१२ मध्ये सिद्ध झाले, ते मिरजगावच्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा पवित्र शास्त्र उघडून ‘पुराणपुरुष आसनावर बसला’ अशा अर्थाचे वाक्य वाचणाऱ्याच्या मनात, तो मंडळीत जन्मलेला असो की अलीकडे आलेला, पहिली मूर्ती कोणती उभी राहत असेल, हे सांगावयास नको.

भाषान्तरकारांना याची जाणीव नसेल असे नाही. अमेरिकन मिशनचे लोक नगरास १८३१ पासून होते, त्यांच्या मुंबईतील मंडळींनी नवा करार १८२६ मध्ये आणि समग्र बायबल १८४७ मध्ये मराठीत छापले, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या शास्त्री-पंडितांना गीता मुखोद्गत होती. शब्दाच्या मागे असलेले वजन हवे होते म्हणूनच असा शब्द घेतला जातो. त्याहून दोन शतके आधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा त्याने स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास मागेपुढे पाहिले नाही. पहिल्या पुराणात जुना करार आणि दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, ही त्याची रचनाच असे सांगते की संदेष्टे हे प्रस्तावना आहेत आणि ख्रिस्त हा ग्रंथ. उलट टोकाला पंडिता रमाबाई. त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, केडगावात बसून समग्र बायबलचे भाषान्तर १९२२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत करीत राहिल्या, आणि प्रचलित भाषान्तरातील वेदान्ताची छटा असलेले शब्द त्यांना खटकत होते. संस्कृत शास्त्रांत वाढलेल्या विदुषीलाच ते खटकावेत यात नवल नाही; परक्याला जो शब्द केवळ भारदस्त वाटतो, त्याच्या मागचा इतिहास तिला माहीत होता.

शब्दामुळे नेमके काय घडते, ते गीतेचा अकरावा अध्याय आणि दानीएलाचा सातवा शेजारी ठेवून पाहावे. दोन्हीकडे द्रष्टा भयाने गळून जातो. दोन्हीकडे अग्नी आहे, तेज आहे, असंख्यांचा समुदाय आहे, आणि दोन्हीकडे विक्राळ दाढा आहेत. परंतु त्या दाढा कोणाच्या? गीतेत योद्धे ज्या मुखांत शिरून चुरडले जातात, ती मुखे विश्वरूपाचीच आहेत; गिळणारा काळ आणि ज्याला नमस्कार करावयाचा तो पुराणपुरुष एकच. दानीएलात लोखंडी दात चौथ्या श्वापदाचे आहेत. सिंहासन निराळे आणि दाढा निराळ्या, एवढेच नव्हे, तर सिंहासनासमोर दाढांचा न्याय होतो. गीतेत सखा असलेला सारथीच शेवटी पुराणपुरुष ठरतो, आणि अर्जुन त्याला पुन्हा मानुष रूप धारण करण्याची विनंती करतो. दानीएलात मानुष रूप वरून खाली उतरत नाही, कोणाचे गुप्त स्वरूप उघडही करीत नाही; ते पुराणपुरुषाकडे नेले जाते आणि त्याला राज्य दिले जाते.

या ‘दिले जाते’ला अतिशय महत्त्व आहे. निकाय येथील परिषदेनंतरच्या सिद्धान्तातही पुत्राचे ईश्वरत्व पित्यापासून आहे. घेणारा आणि देणारा हा संबंध पुसून टाकला तर ख्रिस्ती सिद्धान्त उरतच नाही, दुसरेच काही उरते. मराठी वाचकाला मात्र अवताराची कल्पना इतकी सहज उपलब्ध आहे की, मनुष्य आणि पुराणपुरुष एकच, या निष्कर्षाला तो एका पावलात पोहोचतो. जुन्या ग्रीक पाठातील ‘सारखा’ने जे साधले, ते मराठीत अव्यय न बदलता केवळ नामाने साधते. दृष्टान्तातून ख्रिस्ताचे ईश्वरत्व दाखवू पाहणाऱ्या प्रवचनकाराला हे सोयीचे वाटेल. मला ते फार स्वस्तात मिळालेले वाटते. ज्या अध्यायात राज्य मिळण्यापूर्वी पवित्र जन चिरडले जातात, तेथे चिरडणारा आणि तारणारा यांच्यातील सीमा धूसर होणे ही लहान गोष्ट नाही. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत बहुसंख्य कुटुंबे महार समाजातून आलेली. ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागले, त्यांना दाढा देवाच्या नव्हेत हे सांगणारा अध्याय हाती आला होता, आणि त्यातील मुख्य नामाने त्यांना परत विश्वरूपासमोर उभे केले. प्रत्यक्षात ऐकणाऱ्यांनी तसा अर्थ घेतलाच, असे माझे म्हणणे नाही; शब्दाचा कल कोणीकडे आहे, एवढेच मी सांगतो.

दुसऱ्या नामाचे नशीब नेमके उलटे आहे. शुभवर्तमानांत येशू स्वतःस ज्या नावाने संबोधितो, ते मराठीत ‘मनुष्याचा पुत्र’ असे आहे. दानीएलात तेथे ‘मानवपुत्रासारखा’ असा समास आहे. आणि हाच ‘मानवपुत्र’ यहेज्केलाच्या पुस्तकात देव त्या संदेष्ट्याला हाक मारताना वापरतो. अर्थात जो वाचक शब्दावर बोट ठेवून वाचतो, त्याला दानीएलातील आकृती यहेज्केलाची सजातीय वाटेल, मार्काच्या चौदाव्या अध्यायातील उत्तराशी तिचा दुवा त्याच्या कानाला जाणवणार नाही. म्हणजे ज्या ठिकाणी ग्रंथातील दोन भागांचा संबंध खरोखर आहे, तेथे मराठीने तो सैल केला, आणि जेथे ग्रंथाने अंतर राखले आहे, तेथे एका भारदस्त शब्दाने ते मिटविले. भाषान्तराच्या इतिहासात असे उफराटे योग येतात. हेतू कोणाचाच नसतो.

या संदर्भात आणखी एका मराठी वाचकाची आठवण ठेवणे योग्य होईल, आणि आपल्याकडील चर्चेत ती सहसा ठेवली जात नाही. कोकणातील बेने इस्राएल यांचीही भाषा मराठी. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. त्या शतकाच्या अखेरीस या समाजात कीर्तनेही होऊ लागली. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कृष्णराव सांगळे यांच्यापासून कीर्तनाची परंपरा होतीच, आणि नारायण वामन टिळकांनी भक्तिपर मराठी ख्रिस्ती उपासनेत पूर्णपणे मुरविली. एकच भाषा, एकच कीर्तनाचा घाट आणि एकच दानीएल घेऊन दोन समाज उभे होते. एकाला मेघांवरील आकृतीत आपली प्रजा किंवा येणारा मशीहा दिसत होता, दुसऱ्याला आलेला ख्रिस्त. ‘पुराणपुरुष’ हा शब्द त्या दोघांपैकी कोणाचाच नव्हता. तो तिसऱ्याच परंपरेकडून आला होता, आणि तिच्यात आकृती दोन नसून एक होती. संतांच्या, विशेषतः तुकारामांच्या, पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. पूल खरा, परंतु पुलावरून मनुष्याबरोबर त्याचे सामानही येते.

मग शब्द बदलावा काय? ‘वयोवृद्ध’ म्हटले तर सिंहासनावर गावचा पाटील बसल्यासारखे वाटेल. ‘अनादि’ म्हटले तर दिवसांची गणना, म्हणजे अरामी शब्दातील सारी गंमत, नाहीशी होईल. ‘पुरातन दिवसांचा’ ही शब्दशः रचना मराठीत लंगडते. मला ‘पुराणपुरुष’ काढून टाकावासा वाटत नाही. मात्र तो ठेवावयाचा तर ‘मानवपुत्रासारखा’ याऐवजी ‘मनुष्याच्या पुत्रासारखा’ असे करून शुभवर्तमानांचा दुवा मोकळा करावा, आणि अध्याय शिकविताना सव्विसावे व सत्ताविसावे वचन गाळून पुढे जाण्याची जी रीत प्रवचनांत पडली आहे, ती सोडावी. सत्ताविसाव्या वचनात राज्य पवित्र जनांच्या प्रजेला मिळते आणि मग सर्व सत्ता ‘त्याची’ सेवा करतील असे म्हटले आहे. अरामीत ते सर्वनाम प्रजेकडेही जाऊ शकते आणि परात्पराकडेही. मराठीत भाषान्तरकाराला ही संदिग्धता राखता येत नाही : ‘प्रजा’ म्हटले तर ‘तिची’, ‘लोक’ म्हटले तर ‘त्यांची’, आणि ‘त्याची’ म्हटले तर देवाची किंवा राज्याची. ‘त्याची’ लिहिले की प्रजा वाक्यातून बाहेर पडते.